बाबांना कुठी न्यायचं?

राज्य मराठी झालं म्हणता, पण आमच्या बाबांना साधं मराठीत विचारलेलं कळेल तर शपथ! मागच्या महिन्यात त्यांच्या छातीत कळ आली. वैद्याच्या पुडीनं थांबली, पण धसका मी घेतला. आमच्या गावाहून चिखलीची यष्टी चुकली, की माणूस घरीच अडकला. म्हटलं, आताच विचारून ठेवावं, ऐनवेळी घोळ नको.

बाबा सुपारी कातरत बसले होते.

"बाबा, उद्या काही झालं, तं तुमाले कुठी न्यायचं?"

"मळ्यात," मान वर न करता ते म्हणाले. "विहिरीच्या वरच्या अंगाले. लाकडं फोडून ठेवले हायेत गोठ्यात. भिजू देऊ नोको."

मी कपाळाला हात लावला. "मेल्यावर नाही हो! बिमार पडल्यावर! बुलढाण्याच्या दवाखान्यात, का अकोल्याले?"

"मंग तसं बोल ना बे! तवाचं तवा पाहू."

"तवा तुमी शुद्धीत नसले तं? डाक्टर म्हणन, आपरेशन करा लागते. हो कोणं म्हणायचं?"

"तुही माय हाय ना! तिले इचारजो."

चला, एवढं तरी ठरलं, म्हणून मी चुलीपाशी जाऊन आईला सगळं समजावून सांगितलं. भाकर थापता थापता तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी माह्या मनानं कशी सांगू?" ती म्हणाली. "त्याइले शुद्धीवर येऊ दे. त्याइले इचारीन, अन् मंग सांगीन."