सत्तावीस नंबर नुसता उभा होता

...आणि वर मलाच विचारतात, गिरीश, तू दिवसभर नक्की बघितलंस तरी काय? अहो, दिसलं असतं तर बघितलं नसतं का? तुम्हाला सांगतो, आइस हॉकीत ती काळी टिकली असते ना, पक म्हणतात तिला, ती मी आजतागायत पाहिलेली नाही. असते, असं म्हणतात. लोक "ओऽऽ" करतात तेव्हा मीही "ओऽऽ" करतो, एवढाच काय तो माझा आणि तिचा परिचय... आणि असल्या माणसाला त्यांनी परीक्षक नेमलं. बरं, मी गेलो होतो का अर्ज घेऊन?

झालं काय, आमच्या शेजारी ब्रेंट नावाचा एक कॅनेडियन राहायला आला. मँचेस्टरच्या ट्रॅमचा शेवटचा स्टॉप, त्याच्याही पुढे आमची गल्ली, तिथे मुळात कुणी मुद्दाम राहायला येत नाही, पण आमच्या गावात आइस हॉकीची एक प्रोफेशनल टीम आहे आणि हा तिचा नवा कोच. त्याने बार्बेक्यूला बोलावलं, बोलावल्यासारखा पाऊसही आला, सगळे त्याच्या गॅरेजमध्ये दाटीवाटीने उभे, आणि हा हातात सॉसेज घेऊन मला विचारतो, इंडियात बर्फ असतो का? आता असं कुणी विचारलं की माझ्या जिभेला खाज सुटते, त्याला मी काय करू? म्हटलं, असतो का म्हणजे? अरे, लेहला, अकरा हजार फुटांवर, गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळत वाढलोय मी. हवा इतकी विरळ की टोला मारला की पक खाली यायलाच तयार नाही, आम्ही जेवून परत यायचो तरी तो वरच! खरं म्हणजे लेहला मी चार दिवस सहलीला गेलो होतो, त्यातले तीन दिवस डोकं धरून झोपून होतो आणि चौथ्या दिवशी हॉटेलच्या खिडकीतून काही पोरं खेळताना दिसली. त्या खिडकीचा उल्लेख तेवढा राहून गेला. आता ह्यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

पक वर राहिल्याचं सोडून ब्रेंटला बाकी सगळं खरं वाटलं. ऑगस्टमध्ये त्यांचा रुकी कॅम्प असतो, म्हणजे नवी पोरं बोलवायची, दिवसभर बर्फावर पिटाळायची आणि त्यातली दोन-तीन टीममध्ये घ्यायची. मार्क देणार ब्रेंट आणि हेलन. हेलन म्हणजे स्केटिंगची कोच, काडीसारखी ताठ बाई. ह्या दोघांचं कशावरही पटत नाही, अगदी चहात दूध आधी की नंतर ह्यावरसुद्धा, म्हणून तिसरा माणूस हवा होता. बाहेरचा. आणि जमलं तर हिमालयातला.

इथपर्यंत ठीक होतं हो. पण माझा मित्र उदय, डेंटिस्ट, आणि त्याची बायको मधुमती, ह्यांचा एकुलता एक क्षितिज त्याच कॅम्पला निघाला! मी ब्रेंटला लगेच सांगितलं, बाबा रे, त्यातला एक पोरगा मला काका म्हणतो. तर तो म्हणाला, ह्या देशातले सगळे हॉकीवाले एका बसमध्ये मावतात, इथे प्रत्येक जण कुणाचा तरी काका आहे, तू आपलं दिसेल ते लिही. दिसेल ते! तिथेच तर घोडं पेंड खात होतं ना...

आदल्या दिवशी उदयचा फोन. आवाज एकदम दबका, मागे पाण्याचा नळ सोडलेला. "गिऱ्या, तू परीक्षक आहेस ना? क्षितिजला नापास कर." म्हटलं, अरे, तुझाच मुलगा ना तो? म्हणाला, म्हणूनच सांगतोय. डेंटिस्ट्रीची सीट मिळालीय त्याला, एक वर्ष ह्या खेळापायी पुढे ढकलली, ह्या सप्टेंबरात गेला नाही तर ती गेली. मग म्हणाला, दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली जागा सोडलीय रे मी, पेशंट विचारतात, इथलं काही पुसलं गेलंय का...

फोन ठेवतोय तोवर मधुमती वहिनींचा. वहिनी मूळच्या पुण्याच्या. आवाज मधाळ, आणि बोलणं असं की माणूस आभार मानून निघतो आणि घरी पोचल्यावर त्याला कळतं की आपल्याला कुठेतरी लागलंय. मागे त्यांना माझे मोदक दिले, तर म्हणाल्या, "चव छान आहे हो भाऊजी, आकार मोदकाचा असता तर ओळखलेसुद्धा असते." मी थँक यू म्हणालो! तर त्या फोनवर म्हणाल्या, क्षितिज एवढासा होता तेव्हापासून पहाटे उठून त्या रिंकवर नेलंय मी त्याला, थर्मास मांडीवर घेऊन कुडकुडत बसलेय, ती थंडी वाया जायला नको. "तुम्हाला खेळातलं कळत नाही हे मला ठाऊक आहे, पण चांगले मार्क द्यायला कळावंच लागतं असं थोडंच आहे?"

मी दोघांनाही "बघतो" म्हटलं. "बघतो"चा अर्थ आपल्या माणसांना सांगायला नको, पण त्या नवरा-बायकोने, एकमेकांना पत्ता लागू न देता, आपापल्या सोयीचा "हो" ऐकून घेतला. आता ह्यात माझं काय चुकलं?

बरं, कॅम्पचा दिवस. बाहेर कडकडीत ऊन, म्हणजे इथल्या मानाने, लोक चड्डीवर फिरतायत, म्हणून मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो. आत हिवाळा! दाताला दात लागेनात. शेवटी कुणीतरी दया येऊन टीमचं जे सोंगाचं अस्वल असतं ना, मॅच चालू असताना नाचतं ते, त्याचं अंग आणून दिलं, मुंडकं सोडून. तर मी अस्वलाच्या अंगात, मांडीवर मार्कांचे कागद, पंज्यात पेन, आणि शेजारी हेलन. तिने एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, हिमालयात असंच बसता का? म्हटलं, परीक्षक असलो तर.

खेळ सुरू झाला. सगळ्यांच्या डोक्याला शिरस्त्राण, तोंडावर जाळी, ओळखायचं कुणाला? नंबर बघून लिहायचं म्हटलं, तर चौदा नंबरला मार्क द्यायला मान खाली घातली आणि वर केली तर चौदा नंबर गायब! शिट्टी नाही, काही नाही, पाच जण कठड्यावरून उड्या मारून आत, दुसरे पाच उड्या मारून बाहेर, खेळ आपला चालूच. मी हेलनला विचारलं, हे कुठे गेले? म्हणाली, बदलले. म्हटलं, का, काय केलं होतं त्यांनी? ती पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. मार्कांचे रकाने तर असे की विचारू नका, एकात स्केटिंग, एकात पक, आणि तिसऱ्यात काय, तर "किती जीव तोडून हवंय". अहो, सगळ्यांनाच हवं होतं! घामाघूम झालेली ती पोरं, एकेकाचे आई-बाप वर बाकड्यांवर नखं खात बसलेले, कुणाला कमी देणार? मी दिले सगळ्यांना साडेसात.

हसू नका. महाराष्ट्र मंडळाच्या फॅन्सी ड्रेसला वर्षानुवर्षं परीक्षक आहे मी, आणि आजवर कुणाला साडेसातच्या खाली उतरवलं नाही की वर चढवलं नाही. का? कारण पार्किंगमध्ये आया उभ्या असतात. पुढच्या गणपतीला त्यांच्याच घरी जेवायचं असतं. साडेसात म्हणजे मुलगा चांगला आहे, तुम्हीही चांगल्या आहात, आणि मी जरा घाईत आहे.

आता क्षितिज. सत्तावीस नंबर. एवढं वहिनींनी तीनदा सांगितलं होतं, म्हणून त्याच्यावर नजर ठेवली, आणि तुम्हाला सांगतो, तो काहीच करत नव्हता! बाकीची पोरं वाऱ्यासारखी सुटलेली, हा आपला समोरच्यांच्या गोलपाशी जाऊन उभा. नुसता उभा. डावीकडे वळायचं तर असा वळायचा जसा आमच्या गल्लीत कचऱ्याचा ट्रक वळतो. गोल नाही, पास नाही... आणि तरी दर थोड्या वेळाने एखादा धिप्पाड पोरगा कारण नसताना त्याच्या अंगावर धावून जायचा, काठीने ढोसायचा, शिट्टी व्हायची, आणि त्या धिप्पाडाला दोन मिनिटं काचेच्या पेटीत नेऊन बसवायचे. शिक्षा म्हणून. एक झाला, दुसरा झाला, मग त्यांचा गोलकीपरसुद्धा काठी उगारून आला. ब्रेंट खुशीत मांडीवर थापा मारतोय. हेलन म्हणतेय, ह्याला डावीकडे वळता येत नाही. आणि मी आपला अस्वलात, की अरे, हा तर नुसता उभा आहे!

शेवटी चहा आणायला म्हणून उठलो तो थेट गोलमागच्या काचेपाशी गेलो, आणि ऐकलं. मी तुम्हाला मराठीतच सांगतो, कारण ते मराठीच होतं, फक्त शब्द इंग्लिश होते. एक सहा फुटी पोरगा पकच्या मागे धापा टाकत आला, तर क्षितिज त्याला अगदी आपुलकीने म्हणतोय, "सावकाश ये रे, घाई नाही, बर्फ वितळेपर्यंत आहोत आम्ही." गोलकीपरला म्हणतोय, "छान अडवलास हो. डोळे मिटूनसुद्धा जमतं तुला." आणि तिसरा एक जण चिडून म्हणाला, गप्प बस, तर ह्याचा चेहरा एकदम हळवा. "नाही नाही, तू चांगलाच खेळतोस. कुणीतरी सांगायला हवं ना तुला."

शिवी नाही, आवाज चढवणं नाही. रेफरीने पकडायचं तरी कशाला? तो धिप्पाड क्षणभर विचारात पडायचा, की हे कौतुक होतं का... आणि मग त्याला कळायचं. काचेअलीकडे माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज मी ओळखतो! हे माझ्या मोदकांना बोललेलं आहे!

ब्रेकमध्ये चहाच्या मशीनपाशी क्षितिज मला भेटला. शिरस्त्राण काढलेलं, केस ओले, एकदम लहान दिसत होता. म्हणाला, "काका, बाबाने फोन केली ना तुम्हाला? मला माहितीय. आईने पण केली. तुम्ही त्यांच्यासाठी मार्क नका देऊ. तुम्ही काय बघितली, तेच लिहा." मी म्हटलं, अरे, मला काही कळत नाहीये. तर हसला नाही. म्हणाला, "आय नो मी फास्ट नाही आहे. डेंटिस्ट पण मी ओके होईन. पण काका, ओके. फक्त ओके." आणि गेला. मशीनने मला चहाऐवजी सूप दिलं, तेही मी तसंच प्यायलो.

संध्याकाळी शेवटच्या जागेवर गाडी अडली. ब्रेंट म्हणतो सत्तावीस, हेलन म्हणते नऊ नंबर, तो खरंच पाखरासारखा वळायचा हो, दोन्हीकडे. दोघांनी माझे कागद घेतले, उलटले, पालटले. सगळीकडे साडेसात. गोलकीपरला साडेसात, नऊला साडेसात, आणि चुकून रेफरीलाही साडेसात! हेलनने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "मिस्टर गिरीश, तुम्ही आज दिवसभर काय बघितलंत?" आणि मला एकदम वाटलं, ती पाटी, तो थर्मास, दोन्ही राहू दे बाजूला. म्हटलं, बाई, खरं सांगू? मला पक दिसला नाही, गोल कळले नाहीत, पोरं का बदलतात हे अजून कळलेलं नाही. अख्ख्या दिवसात मला कळलेला एकच खेळाडू आहे. सत्तावीस.

आयुष्यात पहिल्यांदा मी एका पोराला साडेसातच्या वर नेलं. आता ह्यात माझं काय चुकलं?

पण त्यांच्या घरी सांगायला गेलो, तिथे चुकलंच. उदयने दार उघडलं, निकाल ऐकला आणि सोफ्यावर बसला तो बसलाच. वहिनी पेढे घेऊन आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, सांगा ना भाऊजी, काय आवडलं त्यांना त्याचं? आणि मी गाढव, करून दाखवलं! बर्फ वितळेपर्यंत, डोळे मिटूनसुद्धा, सगळं, आवाजासकट. उदयने हळूच वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पेढ्यांची बशी माझ्यापुढून उचलली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. पण तुम्ही परीक्षक, तुम्हाला जास्त ऐकू येणार."

झालं. उदय माझ्याशी बोलेना, कारण मी पोराला पास केलं. वहिनी बोलेनात, कारण कशामुळे केलं ते सांगितलं. डेंटिस्ट्रीची सीट गेली. आणि सीझनच्या पहिल्या मॅचला क्षितिजने तिकिटं पाठवली ती नेमकी शेजारशेजारची, मधली माझी! उदय पुतळ्यासारखा समोर बघत. वहिनींच्या मांडीवर थर्मास. क्षितिज आत आला, गोलपाशी गेला आणि उभा राहिला. नुसता उभा. पाहुण्यांचा एक दांडगा, दाढीवाला, दहा वर्षं मुरलेला गडी त्याच्याजवळ आला, क्षितिज काहीतरी गोड हसून बोलला, आणि त्या दाढीवाल्याने अशी काठी घातली की क्षितिज सरळ आमच्या समोरच्या काचेवर! पडला, उठला, आईकडे बघून हात केला. शिट्टी. दाढीवाल्याला नेऊन पेटीत घातलं, दार लावलं. बिचारा एकटाच, मान खाली घालून.

वहिनी थर्मासचं झाकण लावत, कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "बरं झालं, दमला होता तो. बसायला मिळालं."

उदय त्या पेटीकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग कॅम्पनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे वळून त्याने विचारलं, ह्याला बाहेर कधी सोडणार? म्हटलं, दोन मिनिटांनी. दोनच? दोनच. आणि तोवर कुणी त्याच्याशी बोलायला जात नाही? म्हटलं, नाही रे, नियमच आहे.

उदयने एक लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "खेळू दे पोराला, गिऱ्या. खेळ दयाळू आहे."