मंत्री सुखरूप

दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

“आत कोण आहे गं तुझं?”

“नवरा. मंत्र्यांची गाडी चालवतात. काल वळणावर उलटली ना, तीच.”

“पाहिली की बातमी. मंत्री सुखरूप आहेत म्हणे.”

“तेच तर, मावशी. सगळ्या चॅनेलवर मंत्री सुखरूप, मंत्री सुखरूप. गाडी काय आपोआप चालत होती? ड्रायव्हरचं कुणी नाव काढेना, यांचा फोन लागेना. सासूबाई तर पाणीसुद्धा घेईनात.”

“मग कळलं कसं?”

“मंत्री पत्रकारांशी बोलायला उभे राहिले. त्यांच्यामागे एक माणूस पाठमोरा, एक हात छातीशी धरून, दुसऱ्या हाताने गाडीतल्या बॅगा काढत होता. म्हटलं, सासूबाई, हे आपलेच. त्या म्हणाल्या, तोंड कुठे दिसतंय? म्हटलं, तोंड कशाला हवं, ती कॉलर मीच उलटून शिवलीय. मग दोघी रडलो आणि पोटभर जेवलो.”

“हातावर निभावलं म्हणायचं. आणि मंत्री काय म्हणाले गं, कसा झाला अपघात?”

“कुणास ठाऊक. ते सारखे मध्ये येत होते. मी आपली टीव्हीसमोर बसून म्हणतेय, साहेब, जरा बाजूला व्हा.”