मंगळसूत्रातला मणी

टार्निट स्टेशनवरून सुटलेल्या ट्रेनमध्ये माझ्या मागच्या सीटवर नवरा-बायको बोलत होते.

"विक्रांत, तुटलेलं मंगळसूत्र ओवायला घेतलं, तर सोन्याचा एक मणी कमी!"

"अगं, तो मी माशीला लावला."

"कुठल्या माशीला?"

"ट्राउट मासा पकडायला गळाला बांधतो ना, त्या नकली माशीला. वजन असलं की ती नदीच्या तळाशी जाते. सोनं कसलं जड असतं, माहितीये?"

"आणि आता कुठेय ती?"

"ट्राउटने तोंडात धरली आणि गळाची दोरी तोडून पळाला."

"म्हणजे माझा मणी मासा घालून फिरतोय?"

"तू तरी कुठे घालतेस?"

"पुढच्या आठवड्यात तुझी आई येतेय, तेव्हा घालणार होते."

"बाप रे!"

"मासा केवढा होता?"

"कोपरापर्यंत!"

"मग शनिवारी मीपण येते. दुसरा मणी घे बरोबर. चटक लागली असेल त्याला."