निकिता नावाची आजी

(जर्मनीतलं ब्योब्लिंगेन. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटबाहेर प्रणव आणि कादंबरी ढेकणे. आत घरमालक निकितिन. त्यांच्याशी बोलणं जर्मनमध्ये; 'हेर' म्हणजे श्रीयुत.)

प्रणव : अगं, रशियन आडनावं म्हणजे माझ्या हातचा मळ! इव्हानोव्ह म्हणजे इव्हानचा. निकितिन म्हणजे निकिताचा. आपण बापाचं नाव मधे घालतो, त्यांनी नेऊन शेवटी ठेवलंय. दोन मिनिटांत खूश करतो बघ म्हाताऱ्याला. घर आपलंच.

कादंबरी : बघायला आलोय ते एकतिसावं घर आहे हे. शुक्रवारी जुन्या घराच्या चाव्या द्यायच्यात. अन्वीला कुठे झोपवायचं, बानहोफवर, फलाटावर? तू आत गप्प बसायचंस. घे माझी शपथ.

प्रणव : गेनाऊ, अगदी बरोबर. वाजव बेल.

निकितिन : या, या. बूट इथे आतच काढा.

प्रणव : हेर निकितिन, तुमचं आडनाव फार आवडलं! आजीचं नाव चालवताय.

निकितिन : कोणाच्या आजीचं?

प्रणव : निकिता! आमच्या ऑफिसात दोन आहेत. एकीचं नुकतंच लग्न झालं.

निकितिन : निकिता माझे पणजोबा. लोहार होते. दाढी इथपर्यंत.

कादंबरी : प्रणव, पाया पडते तुझ्या, खिडकीबाहेर बघ.

प्रणव : थांब गं, सावरतो. हेर निकितिन, दाढी असली तरी नाव नाजूकच हो!

कादंबरी : माफ करा, हेर निकितिन. आमच्याकडे मुलींचं नाव असतं ते. घराची फार, फार गरज आहे हो आम्हाला. मुलगी चार वर्षांची. उड्या मारत नाही, रडत नाही. रडायचं ते मीच रडते.

निकितिन : अहो, डोळे पुसा. पणजोबा असते तर पोट धरून हसले असते. घर तुमचं. हा फॉर्म, इथे सही करा... ढे-क-णे. हे कोणाचं नाव? तुमच्या पणजोबांचं?

प्रणव : छे छे, ते ढेकूण...

कादंबरी : फूल! फुलाचं नाव आहे!

प्रणव : फूल कुठलं? आता घर मिळालंय, खोटं कशाला बोलायचं? वान्त्सेन, हेर निकितिन. गादीत असतात ना, चावतात ते. आमचं अख्खं घराणं तेच.

निकितिन : फॉर्म द्या इकडे. आणि जरा बाहेर उभे राहा. दोघंही.

प्रणव : ...विचार करत असतील.

कादंबरी : कडी लावली त्यांनी.

प्रणव : आल्झो, बरं, बत्तिसावं घर किती वाजता आहे?

कादंबरी : चार वाजता. बूट आत राहिले.