उघाडीचं दार

मी जूचंद्रचा, खाडीकाठचा. बांधाच्या आत आमची भातशेती, पलीकडं खाडी, आनि बांधात पानी सोडायची उघाडी, तिला फळ्यांचं दार. भरती आली का दार पाडायचं, ओहोटीला उचलायचं, आनि बाबा गेल्यापासून हे काम माझ्या आयचं. जेवताना पन तिचा कान खाडीकडं, काय सांगू तुम्हाला, भरल्या ताटावरून उठून पळायची. खारं पानी एकदा आत शिरलं का पीक तर गेलंच, शेत पन पुढं दोन-तीन वर्षं नासलं.

मी दहावी शिकलेला, कारखान्यात फिटर. सारखं वाटायचं, आयला सुखानं दोन घास खाता आले पायजेत. म्हनून दार वरून बिजागरीवर टांगलं, भरती ढकलते तसं ते आपोआप बंद, ओहोटीला आतलं पानी त्याला लोटून बाहेर. आय बघतच राहिली, म्हनाली, बाबू, याची पूजा करू.

केली. मी कामावर होतो. ओहोटीला दार उघडं, तिनं हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आनि दृष्ट लागू नये म्हनून नव्या लुगड्याची पट्टी उघड्या दाराच्या फळीला गुंडाळून वर चौकटीला गच्च बांधली. भरती आली, दार पडेचना, लोंब्या धरलेलं सगळं भात खाऱ्या पान्यात.

मी आलो तवा आय रडत गावात मानसं बोलवायला गेलेली. ती यायच्या आत गाठ सोडली, पट्टी खिशात घातली, सगळ्यांना सांगितलं, बिजागरी अडकली, माझंच चुकलं. हसले हो लोक, कैक वर्षं हसले.

पन शेत सुधारलं, दार चाललं, मग एकेकानं करून मागितलं. पुढं गाव शहरात गेलं, बिल्डिंगी झाल्या, भरतीचं पानी नाल्यातून घरात शिरायला लागलं, तर नाल्यांना पन तसंच दार बसवलं. लोक म्हनाले उभा राहा, नगरसेवक झालो, आनि आता बघा, शहराचा महापौर.

पहिल्या दिवशी आयला दालनात नेलं, काठी टेकत आली. शिपाई दाराला झेंडूचं तोरन बांधत होता. तिनं त्याचा हात धरला, नको रे बाळा, दाराला काय बांधू नको, मी एकदा बांधलेलं. मी विचारलं, आय, तुला ठाऊक होतं? तर म्हनते, तुझी पॅन्ट धुतली कोनी, खिशात माझीच पट्टी. तू माझ्यासाठी हसं करून घेतलंस, मग मी कशाला बोलू.

तोरन नाय लावलं आम्ही. दार उघडं असतं, कोनी पन या. आय घरी असते, बरी आहे, तिचा हात डोक्यावर आहे तोवर मला काय कमी नाय. खाडीला भरती येते, आनि ती ताटावरून उठत नाय.