शेंदूर नव्हं, चामखीळ

आमी मूळचं मानदेशातलं धनगर, आजा-पंजापासनं मेंढरं. पाऊस सरला की कळप घिऊन खाली पलूसकडं उतरायचं, तिकडं बागायतदारांच्या रानात खतासाटी मेंढरं बसवायची, उनाळा सरता परत वर. माजं नाव सोमा. पन गावात नुसतं सोमा कोन म्हनायचं न्हाई, ओव्या म्हननारा सोमा म्हनायचं. ढोलावर हात पडला आन म्या पैली ओळ सोडली की बिरोबाच्या देवळापासनं पल्याडच्या वस्तीवर आयकू जायची, आता ह्यो घोगरा आवाज आयकून तुमाला पटायचं न्हाई ताई, पन तसं व्हतं खरं.

ओव्या एकट्याच्या न्हाईत बगा. म्होरं म्हननारा एक आन मागं झील धरनारा एक, म्हंजी म्होरच्यानं ओळ टाकली की शेवटचा शबुद उचलून मागचा लांबवतो, तेवड्यात म्होरच्याला दम घ्याया मिळतो. माजी झील धुळा धरायचा. माज्याच वयाचा, शेजारच्या वस्तीवरला. वीस वर्सं धरली त्यानं. मी कुठं दम तोडनार त्ये माज्या आदी त्येला कळायचं.

तर एका जत्रंत, दुपारच्याला, गान्याला उभं ऱ्हायच्या आदी धुळानं मला पान दिलं. नेमीच द्यायचा. त्या दिवशी आवाज फाटला. म्हनलं थंडी असंल. आठ दिस गेलं, म्हैना गेला, आवाज काय येईना, नुसती खरखर. काढा पिऊन झाला, हळद-दूध झालं, मध चाटून झाला. मेंढरांला हाळी घातली तरी म्होरची मेंढरं वळंनात. तवा कोन तरी म्हनलं, सोमा, तुला शेंदूर चारला असंल. आमच्याकडं म्हंत्यातच तसं, गानाऱ्याचा गळा बसवायचा तर त्येला शेंदूर चारायचा. माज्या डोक्यात लगीच त्ये पान आलं. धुळाला म्होरं व्हायचंय, म्हनून केलं त्यानं. काय सांगू तुमाला, एकदा डोक्यात शिरलं की मानसाचं हासनंबी तसलंच दिसाय लागतं. म्या त्येला देवळाम्होरं चारचौघांत इचारलं. त्यो म्हनला बिरोबाची आन, म्या न्हाई. म्या म्हनलं, देवाला मदी घालू नगंस. झालं. तवापासनं गावात त्येच्या हातचं पानी कोन घिईना. शेंदऱ्या म्हनाय लागली लोकं. त्येनं गानं सोडलं, ढोल देवळात ठिवला. चार वर्सं आमी बोललो न्हाई.

मंग मला दम लागाय लागला. चढ चढाय येईना. लेक पलूसला दिलीया, तिनं मला गाडीत घातलं आन मिरजंला दवाखान्यात न्हेलं. तितल्या डॉक्टरीन बाईंनी नाकातनं बारीक नळी घातली, नळीच्या टोकाला क्यामेरा, आन समोर टीव्हीवर माजाच गळा. ह्या गळ्यावर मी जल्मभर मिरवलो, पन त्येला कवा बगितलं न्हवतं. दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडत्यात, मिटत्यात, आन त्येच्यावर तुतीवानी झुबका. बाई म्हनल्या, ह्ये विषाणूमुळं झालंय. म्या लेकीला कोपरानं ढोसलं, आयकलंस, बाईबी इष म्हंत्यात. लेक म्हनली आवं आबा, इष नव्हं, विषाणू.

बाईंनी खुर्ची जवळ वडली. म्हनल्या, डोळ्याला दिसत न्हाई इतकी बारीक गोष्ट हाय ती, हाताला चामखीळ येती ना, ती त्याच कुळीतल्या विषाणूनं येती. मला नवलच वाटलं. म्हनलं, ल्हानपनी माज्या बोटाला चामखीळ व्हती, आईनं घोड्याच्या शेपटीचा केस बांधून पाडली, ती आत गेली का काय? न्हाई म्हनल्या, कूळ एक पन भावकी येगळी, हाताची गळ्यात जात न्हाई. कॅन्सर न्हाई, साधी वाढ हाय, पन दम कोंडती, काडावी लागंल. म्हनलं, मंग आत केस बांधता यील का? बाई हासल्या, नर्सबी हासली. म्हनल्या काडतो आमी, पन वरनं काडलं तरी विषाणू आत कातडीत लपून ऱ्हातो, कवाकवा परत फुटतं. म्या इचारलं, ह्यो आला कुठनं? म्हनल्या नक्की सांगता यायचं न्हाई, वर्सानुवर्सं गप बसून ऱ्हातो. पानातनं? पानातनं न्हाई. शेंदरातनं? म्हनल्या शेंदूर खानं वाईटच, पन शेंदरानं चामखीळ येत न्हाई. भाईर रांग लागलीवती, पन मला इचारल्याबिगर ऱ्हाववंना.

आपरेशन झालं, थोडा आवाज आला. बाईंनी गळ्याचा फोटू दिलावता, त्यो घिऊन मी देवळाम्होरं गेलो, सगळी जमल्याली, धुळाबी मागं उभा व्हता. म्हनलं, माजं चुकलं, धुळानं मला काय बी चारलं न्हवतं, ह्यो बगा फोटू. लोकांनी हातोहात फोटू बगितला. धुळानं हातात घेतला न्हाई. म्हनला, मशीनचं तुला एका दिसात पटलं रं. म्या वीस वर्सं तुज्या मागं उभा ऱ्हायलो, देवाची आन घेतली, त्ये न्हाई पटलं. लाज वाटली मला, अजून वाटती.

ती वाढ परत आली, दोनदा काडली. आता तपासनीला येष्टीनं माज्यासंगं धुळाच येतो. म्या बोलावलं न्हवतं, आपनहून आला. बाईंला माज्यापरास त्योच जास्त इचारतो. मागल्या खेपंला येताना म्या धीर केला, म्हनलं धुळा, मनातनं गेलं का रं? त्यो खिडकीतनं भाईर बगत म्हनला, बाईंनी काय सांगितलंय तुला, वरनं काडलं तरी आत ऱ्हातंय. पुडच्या खेपंला बगू.

न्हाई म्हनला न्हाई बगा त्यो. तुमचा गळा बिरोबा सुकाचा ठिवो ताई. माजी तपासनी पुडच्या म्हैन्यात हाय, आन मी दिस मोजतोय.