हळकुंड वाळेपर्यंत

कुरुंद्याच्या थांब्यावर कुरकुऱ्यांसाठी लोळण घेणाऱ्या पोराला आवरता आवरता पूजा पार थकली होती. शेजारच्या म्हातारीची नात मात्र मुठीत हळकुंड धरून गुमान बसली होती.

"मावशी, नात लई शहाणी हो तुमची. कसं शिकवलं?"

"माय कवा येईल म्हणून दिसभर रडायची. शिजवलेलं हळकुंड दिलं हातात. म्हनलं, हे वाळून कट्कन मोडलं की माय येती. तवर दम धरायचा."

"मंग?"

"रोज वाकवून बघती. अजून ओलं हाय म्हनती, अन् खेळाया जाती."

"पण हळद पंधरा दिसांत वाळती की."

म्हातारीनं आवाज खाली आणला.

"मी गुपचूप पाण्यात भिजवून ठिवते."

"काहून?"

"लेक गेली बाई माझी. दोन महिने झाले."

म्हातारी गाडीची चौकशी करायला उठली. पोरीनं हळकुंड दाबून पाहिलं, मग बाटलीचं झाकण उघडून ते हळूच पाण्यात सोडलं.

"काहून गं बाळा?"

"आज आजी भिजवायची विसरली. हे मोडलं तर ती रडत बसंल."